जबड्याचे दुखणे आणि नर उंदीर

कानापुढे बोट ठेवून तोंड उघडा. बोटाखाली हलतो तो जबड्याचा सांधा. त्याचे जुनाट दुखणे पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळते. गालात विजेसारखी कळ मारणारा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया आणि पाळी गेल्यावर होणारी तोंडाची आग, यांचेही तसेच. 'बायका हळव्याच!' म्हणून घरात हे दुखणे झटकले जाते. प्रयोगशाळेने तरी वेगळे काय केले?

'पेन' या संशोधनपत्रिकेतील दहा वर्षांचे प्राण्यांवरील प्रयोग २००५ मध्ये तपासले गेले. किमान ७९ टक्के प्रयोग केवळ नरांवर झालेले निघाले! मादीच्या ऋतुचक्रामुळे वाचने अस्थिर होतील, ही सबब. प्रत्यक्षात मादींच्या वाचनांत नरांहून अधिक चढउतार दिसत नाहीत. माझ्या विद्यार्थ्याने अर्धी वाचने न घेताच सरासरी काढली, तर मी वही परत करतो.

२०१५ मध्ये मॉन्ट्रियलचे जेफ्री मोगिल आणि सहकारी यांनी मज्जातंतूला इजा झालेले उंदीर अभ्यासले. (इजा चेहऱ्याची नव्हे, पायाची.) मज्जारज्जूतील मायक्रोग्लिया पेशींना आवर घालताच नरांची वेदना घटली; मादींची घटली नाही. म्हणजे नरांवर पारखलेले औषध, ज्यांना ते अधिक हवे त्यांनाच निरुपयोगी ठरू शकते.