विद्येची पाटी, वर्षाच्या भाड्याने

विद्वान माणसे एका तळटीपेच्या शुद्धतेसाठी आठवडा खर्ची घालतात. पण ज्या पत्त्यावर त्यांचे सारे संशोधन जगाला सापडते, तो पत्ता कोणाच्या नावावर नोंदला आहे असे विचारले, तर ती एकमेकांकडे पाहू लागतात. ‘ते कचेरीतला कोणी तरी पाहतो,’ हे ठरलेले उत्तर. आंतरराष्ट्रीय संशोधनजाळ्यांची इंटरनेटवरील नावे, ज्यांना डोमेन-नावे म्हणतात ती, बहुतेक ठिकाणी याच बेफिकिरीवर चालली आहेत. आमचे म्हणणे असे की, ही बाब कचेरीची नाही, विद्येच्या मालमत्तेची आहे. आणि ही मालमत्ता विद्वानांनी स्वतःच्या हाताने भाडेपट्ट्यावर चढवली आहे.

मुळात व्यवस्था अशी नव्हती. जाळ्यावरील प्रत्येक यंत्राचा पत्ता आकड्यांचा असतो, आणि आकडे माणसाच्या ध्यानात राहत नाहीत, म्हणून नावे आली. १९७० नंतरच्या दशकात सर्व नावांची मिळून एकच यादी होती. ती कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथे एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ठेवली जाई, आणि ज्याला हवी त्याने तिची प्रत उतरवून न्यावी असा रिवाज होता. यंत्रे वाढली, यादी अपुरी पडू लागली. तेव्हा १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी वृक्षासारखी रचना सुचविली. मुळाशी एक लहानशी वही, तीत डॉट कॉम, डॉट ऑर्ग, डॉट इन अशा मोठ्या फांद्यांची नोंद. आणि प्रत्येक फांदीच्या रखवालदाराकडे तिच्या पोटफांद्यांची नोंद. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधक जॉन पोस्टेल हे या वहीचे कारभारी. खर्च अमेरिकेचे सरकार सोसत होते. नाव मागावे, ते मिळावे, आणि मग त्याचा विचारही करू नये, असा तो काळ.

१९९५ च्या सप्टेंबरात तो संपला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने नेटवर्क सोल्यूशन्स या कंपनीला फी आकारण्याची मुभा दिली: पहिल्या दोन वर्षांचे १०० डॉलर, पुढे दरसाल ५०. नंतर विक्रेत्यांत स्पर्धा आली, दर उतरले, हे खरे. पण दराबरोबर जी गोष्ट आली ती कायम राहिली. नाव ‘असणे’ संपले आणि नाव ‘भरणे’ सुरू झाले. डॉट कॉम किंवा डॉट ऑर्गखालचे नाव एका वेळी १० वर्षांहून अधिक मुदतीने घेताच येत नाही. मुदत टळली आणि विक्रेत्याच्या सवलतीचे दिवस गेले, की सोडवणुकीसाठी ३० दिवस, मग ५ दिवसांची स्तब्धता, आणि त्यानंतर ज्याच्या हाती लागेल त्याचे नाव.

आता संशोधनप्रकल्पाचे आयुष्य पाहा. अनुदान तीन वर्षांचे, फार तर पाच. चार देशांतील सहा विद्यापीठे एकत्र येतात, एक सुटसुटीत नाव घेतात आणि ते पत्रिकांवर, निबंधांत, नकाशांवर छापतात. नाव नोंदलेले असते एका तरुण संशोधकाच्या नावे, कारण त्या दिवशी पैसे भरण्याचे कार्ड त्याच्याच खिशात होते. अनुदान संपते, तरुण दुसऱ्या देशी जातो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या बंद पडलेल्या टपालखात्यावर येत राहते. जुन्या नावांवर टपून बसलेले दलाल मात्र जागे असतात. शेकडो विद्यापीठांची पाने त्या नावाकडे बोट दाखवीत असतात, म्हणून त्या नावाला पत असते. आणि ती पत जुगाराच्या दुकानाला फुकट मिळते. काल जेथे पर्जन्यमानाची कोष्टके होती तेथे आज पत्त्यांचा डाव मांडलेला दिसतो. निबंध तेच, तळटीप तीच. तिच्या टोकाला फक्त विद्या नाही.

यावर एक व्यवहारी गृहस्थ म्हणतील, वर्षाला दहा-पंधरा डॉलरांचा हा प्रश्न; एवढा गहजब कशाला? त्यांना आमचे उत्तर असे की, रक्कम लहान आहे म्हणूनच ती विसरली जाते. मोठ्या खर्चाला समिती असते, लेखापरीक्षक असतो. या खर्चाला कोणीच नसतो.

दुसरे गृहस्थ अधिक जाणते असतात. ते म्हणतात, आता प्रत्येक निबंधाला डीओआय नावाचा कायमचा क्रमांक मिळतो. नावे मेली तरी क्रमांक जिवंत राहतो. युक्तिवाद चांगला आहे. फक्त तो क्रमांक उघडतो कोठे, हे ते सांगत नाहीत. तो उघडतो डीओआय डॉट ऑर्ग या पत्त्यावर! आणि २० जानेवारी २०१५ रोजी याच नावाची नोंदणी वेळेवर नूतन न झाल्यामुळे जगभरचे क्रमांक ठिकठिकाणी अडखळू लागले. नोंदणी लगेच भरली गेली, तरी जुनी उत्तरे साठवून ठेवणारी यंत्रे भानावर येईपर्यंत दोन दिवस गेले. कायमपणाचा कारखानाच जेथे भाड्याच्या जागेत आहे, तेथे त्याच्या मालाच्या टिकाऊपणाची ग्वाही कोणी द्यावी?

तिसरा पक्ष बाजाराच्या भक्तांचा. विक्रेते अनेक आहेत, चढाओढ आहे, ग्राहक राजा आहे, असे ते सांगतात. चढाओढ आहे ती नवे नाव विकताना. जे नाव दहा हजार निबंधांत छापून गेले, त्याला पर्याय कोठला? त्या फांदीचा मालक दर वाढवील तो मुकाट्याने द्यायचा. हे भय काल्पनिक नव्हे. डॉट ऑर्ग ही फांदी २००३ पासून इंटरनेट सोसायटीच्या एका धर्मादाय संस्थेकडे आहे. २०१९ च्या जूनमध्ये तिच्या दरावरची मर्यादा उठली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात ही सबंध संस्था ईथॉस कॅपिटल या खाजगी भांडवलाच्या पेढीला ११३ कोटी ५० लाख डॉलरांना विकण्याचा बेत जाहीर झाला. आर्काइव्ह, ऑर्किड, डीओआय ही विद्याव्यवहाराची मोठमोठी नावे याच फांदीवर आहेत. जगभर ओरड झाली, कॅलिफोर्नियाच्या महान्यायवाद्यांनी विरोधाचे पत्र धाडले, आणि ३० एप्रिल २०२० रोजी नावांची देखरेख करणाऱ्या आयकॅन संस्थेने संमती नाकारली. तिने योग्य तेच केले. पण शंभर कोटींहून अधिक डॉलर देऊ करणारा गिऱ्हाईक विकत तरी काय घेत होता? यादी ठेवणारी यंत्रे एवढ्या मोलाची नसतात. तो विकत घेत होता लाखो संस्थांनी वर्षानुवर्षे मेहनत करून त्या नावांना आणलेली पत. ‘कसेल त्याची जमीन’ असे म्हणणाऱ्या महाराष्ट्राला यातला अन्याय समजावून सांगण्याची गरज नसावी.

मग सरकारच्या स्वाधीन करावे काय? देशांच्या फांद्यांचा इतिहासही पाहून घ्यावा. युगोस्लाव्हियाची डॉट वाययू ही फांदी १९८९ साली ल्युब्लियानातील विद्वानांनी मिळवली. देश फुटला, स्लोव्हेनिया वेगळा झाला, आणि त्या फांदीवरून ल्युब्लियाना व बेलग्रेड यांच्यात वर्षानुवर्षे ओढाताण झाली. १९९४ मध्ये ती बेलग्रेडकडे गेली, आणि २०१० च्या मार्चमध्ये मुळाच्या वहीतून पुसली गेली. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडला तेव्हा तेथील धारकांची डॉट ईयू नावे १ जानेवारी २०२१ रोजी निलंबित झाली. मतपेटीतून निकाल लागला राज्याचा, आणि पत्ते हरपले ज्यांनी सीमा ओलांडून संसार मांडला त्यांचे. दहा देशांच्या सामाईक संशोधनाने कोणत्या एका देशाच्या नावाखाली निजावे?

खास आंतरराष्ट्रीय अशी डॉट इंट ही एक फांदी आहे. तिच्यात प्रवेश मिळतो तो राष्ट्राराष्ट्रांच्या तहातून जन्मलेल्या संस्थांना. एसकेए रेडिओदुर्बिणीच्या संघटनेला २०१९ मध्ये रोम येथे झालेल्या तहामुळे तसे नाव मिळाले. त्यापूर्वी तिलाही डॉट ऑर्गवरच राहावे लागत होते. उत्तम! पण भूकंपमापकांची आकडेवारी वाटून घेणाऱ्या पाच-सहा विद्यापीठांनी काय परराष्ट्रमंत्र्यांना बोलावून तह करावा? आणि डॉट ईडीयू तर अमेरिकेतील मान्यताप्राप्त महाविद्यालयांसाठीच राखलेली. म्हणजे तह नसलेल्या, पण सीमा ओलांडणाऱ्या संशोधनाला जगाच्या वहीत स्वतःचे घर नाही. भाड्याच्या खोल्या मात्र हव्या तितक्या.

उपाय अवघड नाहीत. त्यांना पैशापेक्षा शिस्त लागते. जुन्नर तालुक्यात खोडद येथे जी महाकाय रेडिओदुर्बीण आहे तिच्या पत्त्याकडे पाहा: जीएमआरटी डॉट एनसीआरए डॉट टीआयएफआर डॉट रेस डॉट इन. लांबलचक, उच्चारायला कंटाळवाणा. पण पुण्याचे केंद्र, मुंबईची मूळ संस्था, आणि भारतातील संशोधनसंस्थांसाठी राखून ठेवलेली फांदी अशी सारी कुळी त्यात सांगितलेली आहे. या नावासाठी कोणा दलालाशी स्वतंत्र करार नाही. मूळ संस्था उभी आहे तोवर ते उभे आहे. लहान प्रकल्पांनी सुटसुटीत नावाची हौस सोडून अशा टिकाऊ संस्थेच्या नावाखाली राहावे. ज्यांना स्वतंत्र नाव अपरिहार्य आहे त्यांनी ते व्यक्तीच्या नावे कदापि घेऊ नये; विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या नावे घ्यावे आणि दहा वर्षांचे पैसे पहिल्याच दिवशी भरावेत. आणि देशोदेशींच्या संशोधनजाळ्यांनी मिळून, तहाची अट नसलेली, विक्रीला कायमची बंदी असलेली एक विश्वस्त फांदी मागून घ्यावी. ग्रंथालयातली पुस्तके वाचक मेला म्हणून कोणी रद्दीत घालत नाही. मग प्रकल्प संपला म्हणून त्याचे नाव लिलावात का जावे?

पोस्टेल यांनी मार्च १९९४ मध्ये या कारभारावर एक टिपण प्रसिद्ध केले होते. त्याचा आशय असा की, फांद्यांच्या बाबतीत हक्क आणि मालकी यांची भाषा गैरलागू आहे; विचार करायचा तो जबाबदारीचा आणि समाजाच्या सेवेचा. ते हे लिहून गेले आणि दीड वर्षात गल्ला उघडला गेला. बाजाराने ते टिपण वाचले नाही याचे नवल नाही. विद्वानांनीही ते वाचले नाही, याचा राग येतो. म्हणून अनुदान देणाऱ्या प्रत्येक मंडळाकडे आमची एकच मागणी आहे. अर्जात एक रकाना वाढवा: प्रकल्प संपल्यावर त्याचे नाव कोणाच्या स्वाधीन होणार? आणि जो तो रकाना कोरा ठेवील, त्याला एक छदामही देऊ नका.