गाणं मोबाईलवर फुकट, मग त्याच्या जुन्या परदेशी रेकॉर्डवर एवढी बोली का लागते?

होळीच्या दिवसांत नंदुरबार जिल्ह्यातल्या मोलगी-काठी परिसरात ढोल वाजू लागले की नाचणाऱ्यांसोबत मोबाईलही वर होतात. ते व्हिडिओ लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरू लागतात, तेही फुकट.

इंटरनेटवरच गाण्यांचा आणखी एक बाजार भरतो. तिथे जुन्या ग्रामोफोन रेकॉर्डच्या, त्यातही परदेशात तयार झालेल्या दुर्मीळ प्रतींच्या लिलावात हजारो रुपयांची बोली लागते. हा बाजार कसा चालतो? आणि सातपुड्यातल्या गाण्यांशी त्याचा काय संबंध?

बोली गाण्यावर नाही, प्रतीवर

एकच गाणं वेगवेगळ्या देशांतल्या कारखान्यांत साच्यात दाबून रेकॉर्डवर उतरवलं जायचं. अशा प्रत्येक आवृत्तीला 'प्रेसिंग' म्हणतात. आवृत्ती पहिली असेल, प्रती कमी निघाल्या असतील आणि मूळ कव्हर शाबूत असेल, तर भाव चढतो. मधल्या लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्टीत कोरलेल्या क्रमांकावरून आवृत्ती ओळखता येते. म्हणूनच जाणकार बोली लावण्याआधी त्या पट्टीचा फोटो मागवतात.

पूर्वी यासाठी मुंबईच्या चोर बाजारात खोकी उपसावी लागायची. १९९५ मध्ये ईबे आलं, २००० मध्ये डिस्कॉग्ज. कोणती आवृत्ती आधी कितीला विकली गेली, हे आता घरबसल्या कळतं. अर्थात, ते विकणाऱ्यालाही कळतं. त्यामुळे स्वस्तात घबाड मिळण्याचे दिवस कमी झाले.

त्यात विनाइलची मागणीही वाढली आहे. २०२२ मध्ये अमेरिकेत विनाइल रेकॉर्डची विक्री सीडीपेक्षा जास्त झाली. असं १९८७ नंतर पहिल्यांदाच घडलं.

बोली जिंकली, पुढे काय?

खरा खर्च तिथून सुरू होतो. बोलीच्या रकमेवर परदेशी टपालखर्च, कस्टम्स ड्युटी, आयजीएसटी आणि चलन बदलण्याचे पैसे चढतात. लाखेची ७८ आरपीएम रेकॉर्ड धक्क्याने फुटते, तर विनाइल उन्हाने वाकडं होतं. 'नियर मिंट' म्हणजे जवळपास नवी, हा शेराही विकणाऱ्यानेच दिलेला असतो. त्यामुळे एकूण खर्चाचा हिशेब बोली लावण्याआधीच करावा लागतो.

आपल्या पहिल्या रेकॉर्डही 'परदेशी'च

गौहर जान यांचं गाणं नोव्हेंबर १९०२ मध्ये कोलकात्यात रेकॉर्ड झालं, पण त्या रेकॉर्ड तयार झाल्या जर्मनीतल्या हॅनोवरमध्ये. कोलकात्यात कारखाना सुरू झाला तो १९०८ मध्ये. म्हणजे भारतीय संगीताचा सुरुवातीचा ठेवा जन्मापासूनच समुद्रापलीकडचा. तो जपण्यात संग्राहकांचा मोठा वाटा आहे. मुंबईत १९९० पासून 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' हेच काम करते आहे.

एक प्रत उरली तर काय होतं, याचं उदाहरण गोव्याच्या केसरबाई केरकर. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांसोबत अवकाशात पाठवायच्या सुवर्ण तबकडीसाठी त्यांच्या 'जात कहाँ हो' या भैरवीची निवड झाली, पण रेकॉर्ड बाजारात मिळेना. निवड करणाऱ्या गटातल्या अ‍ॅन ड्रुयन यांना ती न्यूयॉर्कमधल्या एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात, टेबलाखालच्या खोक्यात सापडली. पुढे ही सुवर्ण तबकडी विनाइलवर आणण्यासाठी २०१६ मध्ये ऑनलाइन लोकवर्गणीतून १३ लाख डॉलरहून जास्त रक्कम जमली.

मग मोलगीच्या गाण्याचं काय?

लिलावात तेच येतं, जे कधीतरी छापलं गेलं. कंपन्यांनी प्रामुख्याने खपणारं संगीत छापलं: बैठकीचं गाणं, नाट्यसंगीत, नंतर चित्रपटगीतं. डोंगरातल्या पाड्यांवर पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ राहिलेली भिली आणि पावरी गाणी त्या हिशेबात बसत नव्हती. त्यामुळे लिलावातला भाव हे संगीताच्या मोलाचं माप धरता येत नाही. कोणाचं गाणं रेकॉर्ड करायचं, हे कधीकाळी कोणी ठरवलं, तेवढंच त्यातून कळतं.

आज रेकॉर्डिंगची सोय प्रत्येकाच्या खिशात आहे. पण फॉरवर्ड होत गेलेल्या व्हिडिओवर गाणाऱ्याचं नाव नसतं, गाव नसतं, साल नसतं. फोन बदलला की मूळ फाइलही जाते. रेकॉर्डच्या लेबलवर निदान नाव आणि क्रमांक तरी असायचा.

अशा रेकॉर्डिंगसाठी संग्रहालयं आहेत. १९८२ मध्ये पुण्यात सुरू झालेलं आणि आता गुरुग्राममध्ये असलेलं 'आर्काइव्ह्ज अँड रिसर्च सेंटर फॉर एथ्नोम्युझिकॉलॉजी' हे त्यातलंच एक. परदेशात राहिलेल्या भारतीय संगीताच्या रेकॉर्डिंगच्या प्रती इथे परत आणणं, हा त्याचा एक हेतू होता.

मोलगीत सुरुवात त्याहून सोपी आहे. गाणाऱ्याची परवानगी घ्यायची, फाइलला नाव, पाडा आणि तारीख द्यायची आणि एक प्रत फोनबाहेर ठेवायची. नाहीतर पन्नास वर्षांनी हे गाणं शोधणाऱ्याला बोली लावायलाही काही सापडणार नाही.