देव रडतो काय?

गेल्या कापणीच्या दिवसांत आमच्या धर्मग्रामातील एका बालकास आम्ही मूठमाती दिली. विधी आटोपल्यावर त्याच्या आईने विचारले, "फादर, माझे दुःख देवाला कळते काय? तो रडतो काय?" सेमिनरीत शिकलेले उत्तर आमच्या ओठी तयारच होते: देव अविकारी आहे, त्याला दुःख शिवत नाही. उत्तर खोटे नव्हते, परंतु अर्धे होते. ती माउली मान खाली घालून निघून गेली.

पवित्र शास्त्रात देव कोपतो, कळवळतो. जलप्रलयापूर्वी मनुष्याच्या निर्मितीबद्दल त्याला खेद झाला, असेही उत्पत्तीच्या पुस्तकात आहे. उलट, मनुष्याप्रमाणे देव आपला बेत बदलत नाही, अशी साक्ष गणनेच्या पुस्तकात आहे. मग खरे काय?

तेराव्या शतकातील आचार्य संत थॉमस अक्वायनस यांनी हे कोडे उलगडले आहे. आपला राग, आपला शोक बाहेरच्या आघाताने उठतो व देहासकट आपल्याला हलवून सोडतो. देवाला देह नाही, आणि त्याला हलवील असे काहीही नाही. परंतु प्रीती म्हणजे दुसऱ्याचे कल्याण इच्छिणे, आणि ती देवाच्या ठायी परिपूर्ण आहे. आपली माया दमते, रुसते, आटते. त्याची आटत नाही. विहिरीत पडलेल्यास वर काढणाऱ्याचे पाय काठावर घट्ट हवेत. तोही घसरला तर दोर कोण धरणार?

मग देव काठावरच उभा राहिला काय? नाही. तो देहधारी होऊन खाली उतरला. लाजरस वारला तेव्हा त्याच्या बहिणीचे रडणे पाहून प्रभू येशू बेथानीत स्वतः रडला. इ. स. ४५१ मध्ये खाल्केदोनच्या महासभेने शिकविले की, ख्रिस्त एकच व्यक्ती असून त्याच्या ठायी ईश्वरी व मानवी असे दोन स्वभाव आहेत. त्यांची सरमिसळ नाही आणि ताटातूटही नाही. म्हणून ते अश्रू मानवी स्वभावाचे खरे, परंतु रडणारा साक्षात देवपुत्र होता.

पुढच्या रविवारी मिस्सा झाल्यावर आम्ही त्या माउलीच्या घरी गेलो व एवढेच म्हणालो, "बाई, देव रडला आहे." तिने पदराने डोळे पुसले आणि आम्हांस बसावयास पाट दिला.

ज्यांच्या घरी यंदा शोक झाला असेल, त्यांनी सायंकाळी रोझरीनंतर योहानाच्या शुभवर्तमानाचा ११ वा अध्याय मोठ्याने वाचावा.