नदी सरकारची, काठ कोणाचा?

फाल्गुन सरून चैत्र लागला की गिरगाव, दादर, परळ व लालबाग ह्या भागांतील चाळींत सहलींचे बेत सुरू होतात. हल्ली गडकिल्ल्यांप्रमाणेच नदीकाठाने पायी फिरण्याची आवड वाढत आहे, ही आनंदाची गोष्ट होय. तथापि ह्या हौसेची वाट शेतकऱ्याच्या बांधावरून जाते. म्हणून तिचा विचार आपल्या मासिकातून व्हावा असे वाटल्यावरून हे चार शब्द लिहीत आहे.

गेल्या चैत्रात आमच्या लालबागच्या चाळीतील वीस-बावीस मंडळी दादरहून सकाळच्या गाडीने कर्जतला गेली. प्रस्तुत लेखकही त्यांत होता. तेथून पुढे जाऊन आम्ही पेज नदीच्या काठाने चालू लागलो. पळसाचा बहर ओसरला होता, आंब्यांना कैऱ्या लागल्या होत्या, करवंदे अजून हिरवी होती. सभोवार डोंगर करपलेले. नदी मात्र वाहती, आणि तिच्या आसपास हिरवेगार भात उभे! मंडळींस मोठे नवल वाटले.

ह्या नवलाचे कारण प्रत्येक मुंबईकराने जाणून घेण्यासारखे आहे. मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडी येथे धरण बांधून, एरवी पूर्वेकडे भीमेच्या खोऱ्यात जाणारे पाणी टाटांनी सह्याद्रीच्या पश्चिमेस वळविले. १९२२ साली सुरू झालेल्या भिवपुरीच्या वीजगृहात ते पडते. ह्या व १९१५ सालच्या खोपोली येथील वीजगृहाच्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. वीज करून सुटलेले पाणी पेज नदीस येते व पुढे उल्हास नदीस मिळते. त्याच पाण्यावर राजनाल्याच्या पाटाने कर्जत तालुक्यात उन्हाळी भात पिकते. ज्या पाण्याने आमच्या वाडवडिलांच्या हातांस काम दिले, तेच येथील शेतकऱ्याच्या घरी दाणे आणते.

आमच्यांतील काही तरुण वाट सोडून बांधावरून चालले. ओला बांध एके ठिकाणी खचला आणि खाचरातील पाणी वाहू लागले. भात पोटरीत होते. त्या वेळी खाचर कोरडे पडले तर दाणा भरत नाही. एक वृद्ध शेतकरी धावत आला. तो रागावला नाही. एवढेच म्हणाला, “नदी सरकारची असंल, दादा, पण बांध माझा हाय.”

सारी नोकरी सातबारा लिहिण्यात घालविलेल्या मला त्या शब्दांनी खाली पाहावयास लावले. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम २० अन्वये नदी व तिचे पात्र सामान्यतः शासनाचे. परंतु काठाच्या शेतास भूमापन क्रमांक असतो आणि खातेदार असतो. कलम १४३ अन्वये हद्दीवरून जाण्याचा जो हक्क तहसीलदार ठरवितात, तो शेतकऱ्यास आपल्या शेतात जाता यावे म्हणून, सहलीसाठी नव्हे.

मग काठ शहरवासीयांस बंद करावा काय? माझे मत तसे नाही. आमच्या चाळींतील बहुतेक कुटुंबे कोकणातून व घाटावरून आलेल्या शेतकऱ्यांचीच आहेत. जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या. गावाशी असलेला संबंधही पुष्कळांचा तुटला. तो पुन्हा जुळावा. मात्र गावास आगाऊ कळवून जावे. गावातीलच वाटाड्या मोबदला देऊन बरोबर घ्यावा. पोटरीपासून कापणीपर्यंत बांधावर पाय ठेवू नये. न्याहारी व तांदूळ शेतकऱ्याकडूनच विकत घ्यावेत आणि कचरा आपल्याबरोबर परत आणावा.

शेतकरी बंधूंनीही आल्या पाहुण्यास हाकलू नये. वीजनिर्मिती थांबली अथवा पाट फुटला की उन्हाळी भात धोक्यात येते, आणि खालच्या नगरांची तहान दरवर्षी वाढतच आहे. पाण्याच्या वाटणीचा प्रश्न निघेल तेव्हा शहरात तुमच्या बाजूने बोलणारी माणसे हवीत. ज्याने पाण्याने भरलेले खाचर डोळ्यांनी पाहिले तोच बोलेल.

त्या दिवशी तरुणांनी हातांनी चिखल लावून बांध नीट केला. वृद्धाने सर्वांस घरचे पाणी पाजले. येत्या चैत्रात आम्ही पुन्हा जाणार आहोत. ह्या वेळी आधी विचारून.