दिवाबत्ती कोणी करावयाची?

मार्च 2024 मध्ये जगातील असंख्य संगणकांवरील एक मोठा दरोडा थोडक्यात टळला. ‘एक्सझेड’ हे माहिती आकुंचित करून साठविणारे साधन लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक यंत्रणांत असते. ते सर्वांस फुकट. देखभाल मात्र लासे कॉलिन हे गृहस्थ वर्षानुवर्षे विनावेतन करीत होते. ते थकले, तेव्हा ‘जिया तान’ नावाने कोणी मदतीस आले, दोन वर्षांहून अधिक काळ इमानाने राबले, विश्वास संपादून किल्ल्या मिळविल्या आणि मग आत चोरदरवाजा बसविला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास संगणकात प्रवेश करताना अर्ध्या सेकंदाचा विलंब खटकला, म्हणूनच हे कारस्थान उघडकीस आले.

कॉलिन यांस दोष देणे सोपे आहे. आम्हांस ते अन्यायाचे वाटते. धर्मशाळेत उतरावे सर्वांनी आणि दिवाबत्ती करावी एकट्याने, ही रीत मोडली पाहिजे. ज्यांचे व्यवहार या साधनांवर चालतात, त्या कंपन्यांनी व सरकारांनी राखणदारांस वेतन द्यावे. कारभार नव्या हाती जाताना दुसऱ्या जाणत्या माणसाकडून प्रत्येक बदलाची तपासणी करवावी. सेवाभाव वंदनीय खराच. परंतु दुसऱ्याच्या फुकट सेवेवर निर्धास्त विसंबणाऱ्यांस सुरक्षिततेची अपेक्षा करण्याचा अधिकार उरत नाही, हे त्यांनी वेळीच ओळखावे.