ॲसबेस्टॉसचा हिशोब कुणाच्या वहीत?

आजचा विषय सुरुवातीला कोरडा वाटेल. कंपन्यांचे ताळेबंद, तरतुदी, विमा. पण शेवटपर्यंत वाचा. आपल्या भागातून मुंबई, ठाणे, सुरतच्या कारखान्यांत आयुष्य घालवून गावी परतलेली माणसं आहेत. त्यातल्या कुणाला चार पायऱ्या चढल्या की धाप लागते आणि घरचे म्हणतात, "वय झालं, दमा आहे." हा हिशोब त्यांचा आहे.

ॲसबेस्टॉस म्हणजे आपण ज्याला सिमेंटचा पत्रा म्हणतो, त्यातला तंतू. गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये तो असायचा, बॉयलर आणि वाफेच्या पाइपांवरच्या लेपातही असायचा. हवेत उडालेला तंतू डोळ्याला दिसत नाही, पण फुप्फुसात गेला की तिथेच राहतो. त्यातून होणारा ॲसबेस्टॉसिस, फुप्फुसाचा कॅन्सर किंवा मेसोथेलिओमा बहुतेक वेळा दहा ते चाळीस वर्षांनी समोर येतो. तोवर माणूस रिटायर झालेला असतो. काही वेळा कारखान्याचं नावही बदललेलं असतं.

आता मुद्द्यावर येतो. ही देणी कंपनीच्या वहीत कशी लिहितात?

भारतातला हिशोबाचा नियम (एएस 29, मोठ्या कंपन्यांसाठी इंड एएस 37) सांगतो की तीन गोष्टी जुळल्या तर आजच तरतूद करा. जुन्या घटनेमुळे देणं लागत असेल, पैसे जाण्याची शक्यता जास्त असेल आणि रकमेचा भरवशाचा अंदाज काढता येत असेल, तर नफ्यातून ती रक्कम बाजूला काढायची. तेवढी खात्री नसेल तर ताळेबंदाखालच्या टिपांमध्ये 'संभाव्य देणी' म्हणून नोंद पुरते. आणि शक्यता अगदीच कमी आहे असं ठरवलं, तर एक ओळही लिहावी लागत नाही.

विम्याची बाजू याहून कडक आहे. विमा कंपनी भरून देईल असं म्हणून देणं कमी दाखवता येत नाही. पैसे मिळणार हे जवळजवळ नक्की असेल तरच ती रक्कम येणं म्हणून दाखवायची, तीसुद्धा वेगळी, आणि तरतुदीपेक्षा जास्त नाही. शेतकऱ्याला हे समजवायला नको. कापसाचा पीक विमा मंजूर व्हायचा आहे म्हणून सोसायटी कर्ज खोडत नाही. कर्ज वहीत तसंच राहतं. विम्याचे पैसे खात्यात पडतील तेव्हा पडतील.

नियम ठीकच आहे. पण त्यातली मेख बघा. 'शक्यता किती' हे ठरतं दाव्यांवरून. दावा उभा राहतो डॉक्टरच्या दाखल्यावर. कामगाराचं निदानच झालं नाही तर दावा नाही, दावा नाही तर तरतूद नाही. ऑडिटर नियमाप्रमाणे सही करतो आणि ताळेबंद स्वच्छ राहतो.

याचं मोठं उदाहरण घाटकोपरशी जोडलेलं आहे. 1956 मध्ये तिथे ब्रेक लायनिंग वगैरे बनवणारी हिंदुस्तान फेरोडो सुरू झाली. पुढे तिचं नाव हिंदुस्तान कंपोझिट्स झालं. तिच्यामागे होती ब्रिटनची टर्नर अँड न्यूऑल, जगातल्या मोठ्या ॲसबेस्टॉस कंपन्यांपैकी एक. याच समूहाच्या रॉचडेलच्या कारखान्यातली नेली केरशॉ ही कामगार 1924 मध्ये, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी फुप्फुसाच्या आजाराने गेली. कंपनीने भरपाई नाकारली. 1931 मध्ये ब्रिटनने ॲसबेस्टॉसच्या धुळीवर नियम केले. म्हणजे घाटकोपरचा कारखाना उभा राहण्याआधी पंचवीस वर्षं ब्रिटनमध्ये धोका कायद्याच्या पुस्तकात चढला होता.

पुढे ब्रिटन आणि अमेरिकेत रोगी कोर्टात गेले. दावे इतके वाढले की 1996 मध्ये टर्नर अँड न्यूऑलने 9.2 कोटी पौंड हप्ता भरून एक विमा घेतला. जुन्या काळातल्या धुळीबद्दल 30 जून 1996 नंतर येणाऱ्या दाव्यांचा खर्च 69 कोटी पौंडांच्या वर गेला, तर पुढचे 50 कोटी पौंड विम्यातून यायचे. म्हणजे पुढे किती लोक आजारी पडतील, किती मरतील, याचा अंदाज कागदावर मांडला गेला होता. 1998 मध्ये अमेरिकेच्या फेडरल-मोगलने ही कंपनी विकत घेतली. ऑक्टोबर 2001 मध्ये दाव्यांच्या ओझ्याखाली फेडरल-मोगललाच दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घ्यावा लागला. वहीतला आकडा आणि खरं देणं यात एवढं अंतर पडू शकतं. विमेवालेही सुटले नाहीत. लंडनचं लॉईड्स 1990 च्या सुमाराला ज्या दाव्यांनी हादरलं, त्यात ॲसबेस्टॉसचे दावे मोठे होते.

आणि आपल्याकडे? डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी मुंबईच्या एका ॲसबेस्टॉस कारखान्यातल्या 181 कामगारांची तपासणी केली. 2005 मध्ये तो अभ्यास प्रसिद्ध झाला. जवळपास 22 टक्के कामगारांना ॲसबेस्टॉसिस निघाला, म्हणजे पाचातल्या एकाहून जास्त. त्याच अभ्यासात लिहिलंय की देशात अंदाजे एक लाख कामगार या धुळीत काम करत होते आणि भरपाई मिळालेले तीससुद्धा नव्हते. कारणंही दिली आहेत. व्यवस्थापनाने करवलेल्या तपासण्यांत आजारी कामगारांना दाखला द्यायला नकार मिळायचा. डॉक्टरांना या आजाराचं शिक्षण नाही. आणि आजाराला टीबी किंवा जुना ब्राँकायटिस म्हणून मोकळं व्हायचं.

तिकडे 50 कोटी पौंडांचा विमा, इकडे तीससुद्धा नाहीत. धूळ तीच, फुप्फुसं तशीच. फरक दाखल्याचा आहे. म्हणून कुठल्याही ॲसबेस्टॉस कंपनीच्या ताळेबंदात या देण्यापुढे शून्य दिसलं तर लगेच समाधान मानू नका. ते शून्य दोन प्रकारचं असू शकतं. कुणी आजारी नाही म्हणून, किंवा कुणी तपासलंच नाही म्हणून.

आणखी एक गोष्ट. कामगार ईएसआयमध्ये असेल तर त्याच दुखापतीसाठी मालकाकडून दुसऱ्या कायद्याखाली भरपाई मागता येत नाही. कामगाराला संरक्षण मिळावं हा हेतू चांगला आहे. पण धूळ उडवली कारखान्याने आणि देणं गेलं महामंडळाच्या वहीत. मग धूळ कमी करायची घाई मालकाला का असेल?

कंपन्या म्हणतात, पांढरा ॲसबेस्टॉस काळजीपूर्वक वापरला तर धोका नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, सगळ्या प्रकारांनी कॅन्सर होतो. ब्रिटनने 1999 मध्ये पांढऱ्यावरही बंदी आणली. आपण अजून तो आयात करतो आणि पत्रे बनवतो. बंदीचा वाद चालू राहील, पण तोपर्यंत निदान हिशोब तरी खरा ठेवा.

त्यासाठी नवीन कायद्याची वाट बघायची गरज नाही. 27 जानेवारी 1995 ला सुप्रीम कोर्टाने कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या खटल्यात सांगितलं आहे की ॲसबेस्टॉस कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद कामाला लागल्यापासून 40 वर्षं किंवा काम सोडल्यावर 15 वर्षं, यातलं जे उशिराचं असेल तोपर्यंत ठेवायची. 1980 ला लागून 2015 ला रिटायर झालेल्या माणसाची नोंद 2030 पर्यंत कंपनीकडे असायला हवी. तुमच्या घरात असा माणूस असेल तर लेखी अर्ज करून ती मागा. अर्जाची पोच घ्या.

डॉक्टरांनाही विनंती आहे. साठीच्या पुढचा माणूस धाप लागते म्हणून आला, तर "बिडी ओढता का?" याच्याबरोबर "आधी काय काम करत होतात?" हेही विचारा आणि केसपेपरवर लिहा. त्या एका ओळीवर पुढचा सगळा दावा उभा राहतो.

आणि शेअर बाजारात नोंद असलेल्या कंपन्यांना सेबीने एवढं तरी विचारावं: किती कामगार धुळीत होते, रिटायर झालेले धरून किती तपासले, किती आजारी निघाले, विमा किती आणि तो कुठे संपतो. वार्षिक अहवालात चार ओळी लागतील.

आपल्या गावात असं कुणी आहे का? असेल तर ही पोस्ट त्यांच्या मुलांपर्यंत पोचवा. कारखान्याचं नाव आणि कामाची वर्षं आजच एका कागदावर लिहून ठेवायला सांगा. सांगणारा माणूस आहे, तोवरच ते होईल.