डीपीतलं तेल नको गं बाई!

मैत्रिणींनो, गुडघे दुखले की डीपीतलं जुनं तेल चोळा, असा सल्ला आपल्या मोर्शीकडे कानावर पडतोच. पण जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी नावाची रसायनं असू शकतात. ती सहजी नष्ट होत नाहीत. शरीरातल्या चरबीत वर्षानुवर्षं साठून राहतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनं २०१३ साली त्यांना मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाचं कारण ठरवलं. तेव्हा सासूबाईंसाठी कुणी प्रेमानं बाटली आणून दिली, तरी घरात घेऊ नका. (थोडी नाराजी परवडली!) आपल्या लोकांत हा कर्करोग पुष्कळदा तळपायाला किंवा नखाखाली होतो, अन् आपण भेग समजून हळद लावत बसतो. काळा डाग पसरू लागला, कडा वेड्यावाकड्या झाल्या, रक्त आलं, तर त्वचेच्या डॉक्टरांना त्याच आठवड्यात दाखवा.